नाव घेतलं म्हणून

नोकरीतली बहुतेक प्रकरणं आता माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणती चोरी कुठल्या गावची होती, हे हल्ली मला माझी बायकोच सांगते. पण एक घटना अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहते. तिच्यात मुडदा नव्हता, पंचनामा करावा अशी जागा नव्हती, आणि जे काही घडत होतं ते आमच्या ठाण्यापासून पार समुद्रापलीकडे. सुरुवातीला तर गुन्हाही नव्हता. होता तो फक्त एका बाईचा संशय, आणि तोही असा, की ऐकून माझे दोन शिपाई तोंडावर हात ठेवून हसले होते.

मी तेव्हा गोंदिया जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. दोन हजार दहाच्या आसपासची गोष्ट असेल. कोहमाऱ्याचा हायवेवरचा चौक, तिथले ढाबे आणि ट्रक आमच्याच हद्दीत होते, आणि दुसऱ्या अंगाला नवेगाव बांधकडची धानाची गावं आणि जंगल. दिवाळी नुकतीच झाली होती, म्हणजे गावोगाव मंडई भरत होती. मंडई म्हटली की दिवसा बाजार, रात्री नाटक आणि माझी अर्धी माणसं बंदोबस्ताला बाहेर. उरलेल्यांपैकी एक संतरी वाळूच्या पोत्यांआड, एक वायरलेसवर, आणि बाकीचे माझ्या शिव्या खायला.

त्या दुपारी बंदोबस्ताची वाटणी चालली असताना एक बाई स्कूटीवरून आली. तिशीतली, जवळच्याच गावची ग्रामपंचायत सदस्य. दारूच्या नाहीतर रस्त्याच्या तक्रारी घेऊन ती नेहमी यायची, आणि तिच्याआधी तिचा आवाज आत यायचा. त्या दिवशी ती मुकाट्याने समोर येऊन उभी राहिली. ठाण्यात रडत येणारी माणसं आम्ही रोज बघतो. बोलकं माणूस गप्प होऊन येतं तेव्हा मात्र मी हातातलं पेन खाली ठेवतो.

"साहेब, माही भुजली संकटात हाय," ती म्हणाली.

"कोण भुजली?"

आमचे हवालदार याच भागातले होते. त्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं. छत्तीसगडला लागून असलेल्या या गावांत राखीच्या सणानंतर भुजलीचं विसर्जन असतं. भुजली म्हणजे टोपलीत उगवलेले गव्हाचे कोवळे अंकुर. दोन मैत्रिणी ते अंकुर एकमेकींच्या कानावर खोवतात आणि त्या दिवसापासून जन्मभराच्या भुजली होतात. एकीच्या घरचं लग्न ते दुसरीच्या घरचं, एकीचं सुतक दुसरीला. जातही आड येत नाही. ही बाई ढिवराची, म्हणजे मासेमाऱ्यांच्या जातीची होती आणि तिची भुजली शेतकरी पोवाराची. आणि नियम एकच, पण कडक. त्यानंतर एकमेकींचं नाव घ्यायचं नाही. हाक मारायची ती भुजली म्हणूनच. चुकून नाव निघालं तर नारळाचा दंड.

बाईने मोबाईल माझ्यासमोर धरला. तिची भुजली नवऱ्याबरोबर अंदमानला फिरायला गेली होती. समुद्र, बोटी, काचेतून मासे बघायचे, जंगलातून पायी चालत जायचं, असा सगळा धाडसी बेत. आदल्या संध्याकाळी तिचा मेसेज आला होता. रोमन अक्षरांत, पण भाषा आपलीच. मी मजेत हाय, समुद्र लय मोठा हाय, उद्या आराम करून परवा पहाटे जंगलात जाऊन राहिलो, पलीकडच्या किनाऱ्यावर कोनीच नसते म्हनते. आणि मेसेजच्या अगदी सुरुवातीला, नुसतं, या बाईचं नाव.

"वाचला. यात काय आहे?"

"साहेब, तिनं माहं नाव घेतलं."

शिपाई हसले ते इथे. एकाने तर विचारलंही, "नाव घेतलं म्हणून गुन्हा दाखल करायचा का बाई?"

"तू चूप बस," ती त्याला म्हणाली, आणि मग माझ्याकडे वळली. "शाळेत होतो तवापासून आमी भुजली हाओत. मी बाळंतपनात मराले टेकली होती, तवाबी तिनं माहं नाव नाई घेतलं. भुजली डोळे उघड, भुजली डोळे उघड, असंच म्हनत बसली. अन् आता समुद्र पाहून नाव घेते? आधी दिवसभर फोन लावला तं कोनी उचलला नाई. मेसेज आला तसा अजून लावला. त्यानं उचलला. म्हने, ती आंघोळीले गेली. पुन्हा लावला तं बंद. आतापावेतो बंद हाय."

मी स्वभावानेच संशयी माणूस आहे. बायको म्हणते, हा भाजीवालीच्या ताजव्याकडेही आरोपीकडे बघितल्यासारखं बघतो. मी मनाशी विचार केला, की मेसेज दुसऱ्याने लिहिला असेल तर तो का लिहिला? आणि तिनेच लिहिला असेल, तर जन्मात न केलेली गोष्ट तिने आत्ताच का केली? दोन्हीकडून उत्तर वाईटच येत होतं. मी स्टेशन डायरीला नोंद घ्यायला सांगितली. शिपायांचं हसू तिथेच थांबलं.

आधी त्या भुजलीच्या बापाला फोन केला. तो गावातला वजनदार शेतकरी. तो माझ्यावरच भडकला. "जावई हिरा हाय आमचा. आमच्या खानदानात कोनाले विमानानं नेलं कोनी आजवर? त्या ढिवरीनच्या पोटात दुखून राहिलं, साहेब. तुमी तिच्या नादी काऊन लागता?"

कौतुकाने इतकं भरलेलं घर पाहिलं की माझा संशय कमी होत नाही, वाढतो. मी जीप काढली.

हे जोडपं कोहमाऱ्याजवळ राहत होतं. नवरा मूळचा गोंदिया शहरातला, हायवेवर त्याचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान होतं. दुकानाची जागा सासऱ्याची. बायको घरी बसून ब्लाऊज शिवायची. घराला कुलूप होतं. कुलूप फोडायचा मला अधिकार नव्हता आणि गरजही नव्हती; बंद घराची माहिती शेजारच्या अंगणात मिळते. शेजारीण सुपात लाखोळीची डाळ निवडत होती. मी पाणी मागितलं, पाणी पीत इकडचं तिकडचं बोललो, आणि शिवणकाम चांगलं करते का हो ही बाई, असं सहज विचारलं.

"करते तं. पन आता नाई करत म्हने," ती बोलली. "जायच्या आधी तिचा नवरा घरोघरी फिरून सगळ्याइचे कपडे वापस देऊन गेला. माहे दोन ब्लाऊज पीस तसेच आले, कापलेबी नाई. मंडईत घालाचे होते मले."

"तिने स्वतः नाही दिले?"

"ती तं माहेरी गेली होती त्या दिवशी. मी म्हटलं, आठ दिवसांनी याल तवा शिवू दे ना. तं म्हने, नाई, आता तिले नाई जमनार."

मी ग्लास खाली ठेवला. फिरायला जाणारा माणूस घरी दूध बंद करायला सांगतो, पेपर बंद करायला सांगतो, तो परत येणार असतो म्हणून. बायकोच्या गिऱ्हाइकांचं न कापलेलं कापड तिच्या अपरोक्ष परत करणाऱ्या माणसाने मनात काहीतरी पक्कं ठरवलेलं असतं. ती परत आली नाही तर बायका कपडे मागायला दारात येतील, रडारड होईल, प्रश्न विचारतील, एवढा पुढचा विचार त्याने करून ठेवला होता. हुशार माणूस असाच पकडला जातो. आवराआवर करायला जातो आणि तिथेच सापडतो.

त्याच्या दुकानाशेजारी टायर पंक्चरवाला होता. दोघांची रोजची बैठक एका ढाब्यावर, हे चौकात कुणीही सांगितलं असतं. त्याला मी ठाण्यात घेऊन आलो. त्याला हात लावला नाही, आवाज चढवला नाही. समोर बसवलं, चहा दिला आणि माझी कामं करत राहिलो. मंडईच्या बंदोबस्ताची वाटणी पुरी केली, एका बैलचोरीवाल्याला दम दिला. पंक्चरवाला चहा पिईना. कपाला हात लावायचा, काढून घ्यायचा. निर्दोष माणूस थोड्या वेळाने चिडतो, मला कशाला बसवलं म्हणून विचारतो. हा विचारत नव्हता.

शेवटी मी फाईल मिटली आणि अगदी हळू आवाजात म्हणालो, "अंदमानहून वहिनींची बातमी आली आहे."

एवढंच बोललो. कोणतीही बातमी म्हटली की माणूस विचारतो, काय झालं? याने विचारलं नाही. तो दोन्ही हातांनी डोकं धरून बसला. "साहब, मैंने उसको बोला था, मत कर. मैं समझा दारू में बोल रहा है. कौन सचमुच में डुबाता है साहब?"

बुडवण्याचा शब्द माझ्या तोंडून निघालेला नव्हता.

मग भराभर बाहेर आलं. नवऱ्याचं गोंदियात दुसऱ्या एका बाईशी जमलं होतं. बायकोला सोडलं तर सासरा दुकानाची जागा काढून घेणार. बायको मेली तर मात्र तोच सासरा जावयाला पोटाशी धरणार. इथे काही केलं तर पोलीस, पंच, समाज. तिकडे समुद्रात गेलेल्याची चौकशी फार होत नाही, असं तो ढाब्यावर म्हणाला होता. आणि बायकोला पाण्याची भीती वाटते, ती शॉवरखालीसुद्धा डोळे मिटते, असंही.

आमची ग्रामपंचायतवाली बाई तोवर ठाण्यातून हलली नव्हती. हे शेवटचं वाक्य तिने दारातून ऐकलं. ती हसली की रडली, मला कळलं नाही. "भीती? साहेब, नवेगावच्या तळ्यात मीच तिले पोहाले शिकवलं. पोवाराची पोरगी ढिवराच्या पोरींसंग पान्यात उड्या मारते म्हनून घरी मार खाल्ला तिनं. म्हनून सासरी सांगतलं नाई कधी."

म्हणजे त्याने एकदा प्रयत्न करून पाहिला असेल, तर ती अजून जिवंत का होती, हेही कदाचित कळलं. पण जंगलातून जायची पहाट म्हणजे उद्याचीच पहाट होती, आणि जंगलात पोहणं कामाला येत नाही.

वरिष्ठांना सांगून मी अंदमानच्या कंट्रोल रूमला फोन लावला. लाईन मिळायची, तुटायची. बापाने सांगितलेल्या बेटावरच्या चौकीचा अधिकारी अखेर फोनवर आला. भला माणूस होता. हॉटेलांची नावं घेत घेत त्याने संध्याकाळपर्यंत जोडपं शोधून काढलं. त्याचा उलट फोन आला तेव्हा बाई माझ्या टेबलाशी उभी होती.

"साहब, मैडम तो ठीक हैं," तो म्हणाला. "मैंने खुद पूछा. बोलीं, सब ठीक है. हस्बैंड बहुत खयाल रख रहे हैं. उन्होंने दवाई भी दिखाई. बोले, मैडम के दिमाग का इलाज चल रहा है, कभी-कभी उल्टा-सीधा बोलती हैं. पूरा होटल जानता है."

मी खुर्चीत मागे टेकलो. क्षणभर मलाच माझा संशय खोटा वाटला. दुसऱ्याच्या सुखी संसारात विनाकारण पोलीस घातले, बाप उद्या एसपींकडे जाणार, असं सगळं डोळ्यांपुढे आलं. मग लक्षात आलं. तिला विचारलं तेव्हा नवरा शेजारी उभा होता. आणि तिच्या डोक्यावर परिणाम झाल्याचं त्याने आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. ती काही बोलली असती तर तो आजाराचा भाग ठरला असता.

मी सांगितलं, महिला शिपाई पाठवा, बाईला एकटीला भेटू द्या.

"बोलेंगी क्या?" तो म्हणाला. "अनजान पुलिस से?"

बाईने माझ्या हातातून फोन जवळजवळ ओढूनच घेतला. हिंदीत, इथल्या झाडीबोलीत, जे तोंडाला येईल त्यात ती ओरडली, "साहेब, तिले सांगा, भुजलीने भेजा है. बस, इतनाच बोलना. भुजली रस्ता पाहून राहिली."

तो अधिकारी मला नंतर म्हणाला, की त्याला त्या शब्दाचा काही अर्थ लागला नव्हता. त्याने तो कागदावर लिहून घेतला आणि महिला शिपायाला पाठ करायला लावला. पण ती शिपाई पहाटेच हॉटेलवर पोचू शकणार होती, आणि माझी काळजी तीच होती. तिकडे आपल्याकडच्यापेक्षा बरंच लवकर उजाडतं, हे त्यानेच मला सांगितलं होतं. आमच्याकडे मंडईची नाटकं संपायच्या आत तिकडे लोक जंगलाच्या वाटेला लागतात. त्या रात्री मी घरी गेलो, पण झोपलो नाही.

फोन आला तेव्हा ठाण्यात सकाळचा झाडू चालला होता. महिला शिपायाने जोडप्याला हॉटेलच्या फाटकातच अडवलं होतं. जंगलात जायच्या परवान्याच्या तपासणीचं निमित्त करून बाईला बाजूला घेतलं आणि तो एक शब्द उच्चारला. ती बाई तिथेच वाळूत खाली बसली आणि शिपायाच्या पायांना मिठी मारून रडली. मग तिने सगळं सांगितलं. मेसेजच्या आदल्या दिवशी फोटो काढायचा म्हणून नवऱ्याने तिला खडकाच्या टोकावर उभं केलं होतं. पाठीला हात लागला आणि ती खाली खोल पाण्यात. ती पोहत दुसऱ्या बाजूने वर आली तेव्हा तो किनाऱ्यावर लोकांसमोर गळा काढून रडत होता. त्याला बघून तीही घसरले म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती? फोन त्याच्या खिशात, पाकीट त्याच्या खिशात, चारी बाजूंनी पाणी. पण भुजलीचे मिस्ड कॉल येत राहिले, ती गप्प बसणारी नाही हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्याने सगळं ठीक असल्याचा मेसेज स्वतःसमोर तिच्याकडून लिहून घेतला. कुठे जाणार तेही लिही म्हणाला, म्हणजे नंतर कुणी विचारलं तर दाखवता येईल.

नवऱ्याच्या पिशवीत दोरी मिळाली. जंगलातल्या चढणीसाठी, असं तो म्हणाला. कदाचित खरंही असेल. मी आजही त्या दोरीविषयी ठाम सांगू शकत नाही. खडकाचं मात्र सांगू शकतो, कारण किनाऱ्यावरच्या एका बोटवाल्याने तो हात पाहिला होता. फक्त नवराबायकोची मस्करी समजून तो गप्प बसला होता.

गुन्हा तिकडेच दाखल झाला. आमच्याकडून जबाब गेले, पंक्चरवाला साक्षीला उभा राहिला, पुढे शिक्षा झाली. तपासात आरोपीला आमच्याकडे आणलं तेव्हा मी त्याला एकच गोष्ट विचारली. एवढा सावध माणूस तू, तो मेसेज जाऊ कसा दिलास?

"मैंने एक-एक अक्षर पढ़ा था साहब," तो म्हणाला. "उसमें गलत क्या था?"

त्याला खरंच समजलं नव्हतं. तीन वर्षं एका घरात राहिला, तिच्या हातचं जेवला, आणि आपली बायको जिवाभावाच्या मैत्रिणीला काय म्हणून हाक मारते, हे त्याने कधी कान देऊन ऐकलं नव्हतं. मला त्याचा राग आला होताच. त्या क्षणी किळसही आली.

ती अंदमानहून परत आली तेव्हा गोंदिया स्टेशनवर बाप होता, भाऊ होते, अर्धं गाव होतं. बाप माझ्याशी नजर मिळवत नव्हता. ती गाडीतून उतरली, सगळ्यांना ओलांडून पुढे आली आणि थेट आपल्या भुजलीपाशी जाऊन थांबली. मी त्यांना जीपमधून ठाण्यात आणलं, जबाब पुरा करायचा होता. तिच्याजवळ एक फुगलेली कापडी पिशवी होती आणि ती हातातून सोडतच नव्हती. सवयीने मला त्या पिशवीचाही संशय आला.

"पिशवीत काय आहे?"

तिने एक नारळ काढून टेबलावर ठेवला. अंदमानचा, वरच्या सालीसकट, ओबडधोबड.

"दंड हाय साहेब," ती म्हणाली. "मी भुजलीचं नाव घेतलं होतं."

इतका वेळ खंबीर राहिलेली ती ग्रामपंचायतवाली तिथे कोसळली. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून अशा रडल्या, की संतरी आत डोकावून गेला. हवालदारांनी तो नारळ सोलून ठाण्याच्या पायरीवर फोडला आणि सगळ्यांना तुकडा दिला. ज्या दोन शिपायांनी तोंडावर हात ठेवला होता, त्यांना मी स्वतः उठून दिला. त्यांनी मान खाली घालून खाल्ला. मीही खाल्ला, आणि खोटं कशाला बोलू, माझेही डोळे भरले होते.

मी जन्मभर संशय घेण्याचा पगार खाल्ला. संशय म्हणजे दुसऱ्यात वाईट शोधणं, असंच मी तोवर धरून चाललो होतो. या बाईने मला दुसरा संशय दाखवला. तो मायेतून आला होता आणि आमच्या सगळ्या खात्यापेक्षा आधी जागा झाला होता. पुढे ठाण्यात कुणी कितीही हास्यास्पद तक्रार घेऊन आलं, तरी मी आधी एवढंच विचारायचो, की हे माणूस तुमचं कोण?

या लेखात मी कुणाचंच नाव लिहिलेलं नाही. आरोपीचं लिहावंसं वाटलं नाही, साक्षीदाराचं लिहायची गरज नव्हती. त्या दोघींची नावं मात्र मला तोंडपाठ आहेत. जबाबात मीच लिहून घेतली, कोर्टातही घेतली. पण आता घेत नाही. घेतली तर नारळ मला द्यावा लागेल.